एकाच डोमेनला मेल जाईना: माझा अनुभव

मेल सर्व्हर ठणठणीत होता. सगळीकडे मेल जात होत्या, फक्त एका संस्थेच्या पत्त्यांवर जाणाऱ्या रांगेत साचत होत्या. पाठवणाऱ्यांना याचा पत्ताच नव्हता. आमचं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर, पोस्टफिक्स, मूळ सेटिंगमध्ये उशिराची सूचना देत नाही. पाच दिवस प्रयत्न करतं आणि मगच मेल परत करतं. एखाद्याचा अर्ज इतके दिवस अडकून राहणं मला फार गंभीर वाटतं, म्हणून हातातली बाकीची कामं बाजूला ठेवली.

लॉगमध्ये होतं, 'होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन'. यातले शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. डोमेन अस्तित्वातच नसतं तर डीएनएसकडून (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) 'एनएक्सडोमेन', म्हणजे 'असं नावच नाही', असं उत्तर आलं असतं आणि मेल लगेच बाउन्स झाली असती. इथे नाव शोधण्याची प्रक्रियाच मधे कुठेतरी तुटत होती. म्हणजे समोरच्या मेल सर्व्हरपर्यंत आपण पोचलोच नव्हतो, त्यामुळे एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनची आहे का हे तपासायच्या पद्धती) किंवा ब्लॅकलिस्ट तपासत बसण्यात अर्थ नव्हता.

लॅपटॉपवरून डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) चालवून एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्या डोमेनची मेल कोणता सर्व्हर घेतो ते, विचारलं, उत्तर लगेच आलं. सर्व्हरवरून तेच विचारलं तर 'सर्वफेल', म्हणजे उत्तर मिळवता आलं नाही. सर्व्हरवर नावं शोधून देणारा आमचा स्वतःचा प्रोग्रॅम, अनबाउंड रिझॉल्व्हर, आहे. त्याला वगळून त्या डोमेनच्या नेमसर्व्हरला (जिथे त्याच्या मूळ नोंदी असतात) थेट विचारलं, तर सर्व्हरवरूनही उत्तर व्यवस्थित! इथे मी बराच वेळ घुटमळलो. नेमसर्व्हर नीट, नेटवर्क नीट, मग रिझॉल्व्हरलाच काय होतंय?

फरक प्रश्नात होता. अनबाउंड डीएनएससेक तपासतो, म्हणजे उत्तर खरं आहे का ते डिजिटल सह्यांवरून पाहतो, म्हणून उत्तरासोबत त्या सह्याही मागतो. माझा साधा डिग त्या मागत नव्हता. डिगला डीएनएससेकचा पर्याय आणि उत्तराच्या आकाराला १२३२ बाइटची मर्यादा दिली, तेव्हा पडद्यावर ओळ आली: उत्तर कापलं गेलं, टीसीपीने पुन्हा विचारतो. आणि पुढे काहीच नाही, टाइमआउट.

डीएनएसचे प्रश्न दोन मार्गांनी जातात: एकेका पाकिटात पाठवणारं यूडीपी आणि आधी जोडणी करून मोठी उत्तरंही नेणारं टीसीपी. डीएनएस म्हणजे यूडीपी पोर्ट ५३, एवढंच धरून कुणीतरी फायरवॉलचे नियम लिहिले होते. बाहेर जाणारं टीसीपी ५३ बंद होतं. उत्तर यूडीपीच्या पाकिटात मावलं नाही की नेमसर्व्हर ते कापलेलं असल्याची खूण लावतो आणि विचारणाऱ्याने टीसीपीने परत यायचं असतं. इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजांपैकी आरएफसी ७७६६ ने २०१६ साली टीसीपीचा आधार सक्तीचा असल्याचं स्पष्टच केलं आहे. बहुतेक डोमेनची उत्तरं लहान, म्हणून हा नियम इतका काळ कुणाला नडला नाही. या संस्थेच्या उत्तरात सह्या मोठ्या होत्या, एवढंच.

टीसीपी ५३ उघडलं, अनबाउंडमधली त्या डोमेनची साठवलेली माहिती पुसली आणि रांग पुन्हा चालवली. समोरून २५०, म्हणजे 'मेल स्वीकारली' हा कोड, यायला लागले.

त्यानंतर पोस्टफिक्समध्ये उशिराची सूचना चार तासांवर लावली, म्हणजे मेल अडकली तर पाठवणाऱ्याला त्याच दिवशी कळेल. आणि सर्व्हरच्या रोजच्या तपासणीत टीसीपीवरून एक डीएनएस प्रश्नही घातला.