तुम्ही विचारलंत म्हणून: ईस्टरात वेगळं ते काय?

शेजारच्या काकू माळकरी आहेत. ईस्टर जवळ आला की विचारतात, "काय ओ बाई, आत्मा मरत नाही हे आम्ही पण मानतो की. मग तुमचा येशू उठला त्यात वेगळं ते काय?" बेळगावात 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं, आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, मूळ तिथलं. तेव्हापासूनचा हा शेजार, आणि प्रश्नही बहुधा तेवढाच जुना. उंबऱ्यात उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

काकू, आम्ही देहाबद्दल बोलतो. वधस्तंभावर मेला, कबरेत ठेवला, तोच येशू तिसऱ्या दिवशी देहासकट उठला, असं आम्ही मानतो. खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असं त्याचा शिष्य थोमा म्हणाला होता. येशूने हात पुढे केले, तर व्रण तसेच! योहानाच्या शुभवर्तमानातली, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातली, ही जागा मला फार मोलाची वाटते. मरणाला हरवून आलेल्या देहावरही सोसल्याच्या खुणा राहिल्या. दुसरा शुभवर्तमानकार लूक तर लिहितो, शिष्यांसमोर त्याने भाजलेला मासा खाल्ला. भुताखेताची गोष्ट असती तर लूकने मासा कशाला लिहिला असता?

माझी आई दवाखान्यात आया होती. फिनेलच्या पाण्यात आणि फरशा पुसण्यात तिचे हात गेले. शेवटी संधिवाताने बोटं इतकी वाकली, की भाकरी थापता येईना. शवपेटीत ठेवताना आम्ही तिचे हात जुळवायला गेलो, तर बोटं सरळ होईनात. तशीच एकावर एक ठेवली. जुनं वस्त्र टाकावं तसा देह टाकायचा, हे मी तुमच्याकडून ऐकलंय आणि त्याचा मान राखते. पण त्या हातांना जुनं वस्त्र म्हणणं मला जमलं नाही. देवालाही ते हात टाकून द्यायचे नाहीत, ही माझी आशा आहे, आणि ती येशूच्या हातांवर टेकलेली आहे.

पुरावा विचाराल तर रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली, असं चारही शुभवर्तमानं सांगतात. बाईच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती. रचायचीच गोष्ट असती तर कुणी अशी रचली नसती. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, म्हणजे घटनेला पंचवीसेक वर्षं झाली असतील तेव्हा, येशूचा प्रेषित पौल लिहितो की उठलेल्या येशूला एका वेळी पाचशेहून जास्त बांधवांनी पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. त्याच पंधराव्या अध्यायात तो सरळ म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. इतकं सगळं त्याने या एका गोष्टीवर लावलं, मीही लावलंय.

उठलेला देह कसा असेल? पौल बियाण्याचा दाखला देतो: पेरतो ते एक, उगवतं ते केवढं वेगळं, तरी त्याच दाण्याचं. जोंधळा पेरणाऱ्या आपल्या माणसांना यापुढे मी काय सांगणार!

आणि काकू, आईच्या वेळी तुम्ही हळूच विचारलं होतंत, "उठणार म्हणता, मग रडता कशाला?" लाजार हा येशूचा मित्र, त्याच्या कबरेपाशी येशूही रडला. घटकाभरात त्याला उठवणार हे ठाऊक असून रडला. मरण हा आमच्या लेखी शत्रूच आहे, पौलाच्या शब्दांत शेवटचा शत्रू. तो हरलाय, पण अजून घरोघरी शिरतो, म्हणून आम्ही रडतो. तो पंधरावा अध्याय संपतो तो मात्र कामावर: प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. त्या श्रमांत दवाखान्याच्या फरशाही येतात, असं मी धरून चालते.