मल्हार की सोपान?

बाळाच्या बारशाला चार दिवस उरलेत आणि आमच्या सासवडच्या घरात दोन नावं आहेत. सासूबाईंना मल्हार हवं. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, त्यामुळे त्यांचा हट्ट मला पटतो. हाक मारायलाही नाव भारदस्त.

पण माझा जीव सोपानमध्ये अडकलाय. ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ सोपानदेव, त्यांची समाधी इथेच, आमच्या गावात. माझे आजोबा सोपानकाकांच्या पालखीबरोबर पंढरीला चालत जायचे. आजच्या वर्गात चार मल्हार सहज सापडतील, सोपान क्वचितच. जुनं वाटतं म्हणतात; मला ते मऊ वाटतं.

काल ह्यांना स्पष्ट सांगितलं: पाळण्यात आत्याने कानात सोपानच म्हणायचं. सासूबाईंनी लाडाने मल्हारी म्हणावं, मला आनंदच होईल.