आधी डोक्यावरचा स्लॅब बघू

सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा हंगाम आणि उन्हाचा कडाका बरोबरच येतात. जूनमध्ये शाळा भरण्याआधी माल दुकानात पोचायला हवा, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पूर्व भागातल्या शिलाई कारखान्यांत मशिनांना उसंत नसते. बाहेर पारा ४२-४३ अंशांवर, आणि तिसऱ्या मजल्यावर स्लॅबखाली चाळीस बायका नेव्ही ब्लू पँटी शिवत बसलेल्या. अशाच एका कारखान्याच्या मालकांनी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मला बोलावलं. मी इमारतींचं आणि छोट्या कारखान्यांचं वीज-ऑडिट करते. एका विक्रेत्याने त्यांना दोन टनांच्या ९ एसींचं कोटेशन दिलं होतं. आकडा बरोबर आहे का, एवढंच त्यांना मला विचारायचं होतं.

"मॅडम, चारनंतर बायका मशीनवर टिकत नाहीत की. काम निम्म्यावर येतंय. पैसे घालायची माझी तयारी हाय, फक्त टन किती ते सांगा."

आदल्या आठवड्यात एका बाईला चक्कर येऊन ती मशीनवरच कोसळली होती. तेव्हापासून मालकांच्या जिवाला घोर लागला होता, तो चेहऱ्यावर दिसत होता.

दोन टनांचा एसी चालताना साधारण २ किलोवॅट ओढतो. ९ एसी म्हणजे १८ किलोवॅट. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यायचा, म्हणजे स्थिर आकार वाढला, आणि हंगाम संपला तरी तो दर महिन्याच्या बिलात येतच राहणार. एवढा खर्च कशासाठी, तर हॉलमधली उष्णता बाहेर फेकण्यासाठी. पण ती उष्णता हॉलमध्ये येते कुठून, हे कोणी मोजलंच नव्हतं. मी म्हटलं, टनांचं नंतर बघू, आधी गच्चीची किल्ली द्या.

दुपारचे साडेबारा वाजत आले होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस याच सुमाराला असतो. टाकीजवळच्या उभ्या पाइपाची सावली त्याच्या बुडाशीच गोळा झाली होती. अशा वेळी भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळा मारा छपरावर. हॉलवरचा स्लॅब अठराशे चौरस फुटांचा. दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊन धरलं, तर एकशे पासष्ट किलोवॅटच्या आसपास उष्णता त्या क्षणी वरून ओतली जात होती, आणि काळपट पडलेलं काँक्रीट त्यातली बरीचशी पीत होतं. इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक रोखली. ६१ अंश.

कडेला नवा कोरा पत्रा पडला होता. त्यावर बंदुकीने ३९ दाखवले. मालक लगेच म्हणाले, "मग वर पत्राच घालू की!" चकचकीत धातूवर हे यंत्र फसतं. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, जरा थांबले आणि टेपवर मोजलं. ६३. "हात लावून बघा," म्हटलं. त्यांनी बोट टेकवलं आणि झटकन काढलं.

खाली आलो तेव्हा छताचा खालचा भाग ४४ दाखवत होता. वरची उष्णता पाच इंची स्लॅबमधून खाली उतरायला काही तास घेते. भर दुपारी गिळलेलं ऊन छत चार-पाचच्या सुमाराला बायकांच्या डोक्यावर सोडू लागतं, आणि नेमकं तेव्हाच काम मंदावतं. बायकांची कुरकूर आणि काँक्रीटचं वेळापत्रक तंतोतंत जुळत होतं.

दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. बायका डबे घेऊन जिन्यात सावलीला गेल्या. हॉल रिकामा, तरी घरघर चालूच.

या मशिनांना क्लच मोटारी होत्या. पेडल दाबलं की क्लच लागतो आणि सुई चालते. पेडल सोडलं की सुई थांबते, मोटार मात्र फिरतच राहते. शिवणारी बाई दिवसातला बराच वेळ कापड जुळवते, धागा ओवते, गठ्ठा उचलते, आणि तेवढा वेळ मोटार फुकट फिरते. इलेक्ट्रिशियनने टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती अडकवून प्रवाह मोजायचा चिमटा, लावून अँपिअर दाखवले. पण रिकाम्या मोटारीचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या प्रवाहातला खरा कामी येणारा वाटा, घसरलेला असतो, नुसत्या अँपिअरवरून खरी वीज कळत नाही. म्हणून मी किलोवॅट दाखवणारा मीटर लावला. हॉलमध्ये एक टाका पडत नव्हता आणि मशिनांची लाईन साडेसहा किलोवॅट खात होती.

"मेन खाली करा," मी म्हटलं. मालकांनी केला. घरघर थांबली तशी जिन्यातून एक मावशी हातातली भाकरी तशीच धरून धावत आली. "लाईट गेली काय ओ?"

ही साडेसहा किलोवॅट शेवटी उष्णता होऊनच हॉलमध्ये पसरते, तीही बायकांच्या गुडघ्यांशी. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता ओढायची ताकद. म्हणजे त्या ९ एसींपैकी जवळजवळ एक अख्खा एसी रिकाम्या मोटारी थंड करायला बसणार होता! आधी वीज जाळून खोली तापवायची आणि मग आणखी वीज जाळून ती गार करायची, याचा मला मनापासून संताप येतो. शहराजवळ फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प कोळशावर चालतो आणि त्याला पाणीही सोलापूरला येतं त्याच उजनी धरणाचं लागतं. ज्या शहरात नळाला पाण्याची वाट बघावी लागते, तिथे तरी वीज फुकट घालवताना हे आठवायला हवं.

सर्व्हो मोटार पेडल दाबल्यावरच फिरते. तिचा खर्च शिलाईच्या कामात लवकर वसूल होतो, कारण मशीन दिवसाचे नऊ-दहा तास चालू असतं.

मग उजेड. हॉलमध्ये जुन्या ट्यूब, तांब्याच्या चोकच्या, प्रत्येकी पन्नास-पंचावन्न वॅट खाणाऱ्या, पार छताला टेकलेल्या. उजेड मोजणारा लक्समीटर सुईच्या टोकाशी धरला तर १८०. शिलाईला पाचशे ते साडेसातशे लक्स तरी हवा, आणि इथे गडद निळ्या कापडावर निळा धागा. बायका मान खाली घालून शिवत होत्या त्याचं कारण हे. वीस वॅटच्या एलईडी पट्ट्या साखळीने खाली, मशिनांच्या रांगेवर आणायच्या आणि सुईजवळ लोहचुंबकाचा छोटा दिवा लावायचा. वीज निम्म्याहून कमी आणि उजेड कितीतरी जास्त.

मालकांच्या आई, सगळे त्यांना अक्का म्हणतात, माझ्यासाठी ताक घेऊन वर आल्या. गच्चीचं बोलणं ऐकून म्हणाल्या, "आमचं जुनं घर माळवदाचं व्हतं. मे महिन्यात दुपारी आत गारच वाटायचं. हे नवं बांधलं आन् पंखा लागला."

अक्का बरोबर सांगत होत्या. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभराचं ऊन त्या मातीतच अडतं, आत उतरेपर्यंत रात्र होते आणि माती पुन्हा निवते. माळवदाला वाळवी लागते, पावसाळ्याआधी दरसाल निगा करावी लागते, वर मजला चढवता येत नाही. ते सोडून स्लॅब घातला यात गैर काही नाही. पण मातीचा थर जे काम करत होता ते स्लॅबवर कोणाला तरी नेमून द्यायला हवं होतं. ते सोलापुरातल्या बहुतेक गच्च्यांवर राहूनच गेलं आहे.

अक्कांनीच पोराला पाठवून चुना आणवला. चुन्यात फेविकॉल घालून गच्चीच्या एका पट्ट्यावर दोन हात दिले, उन्हात ते बघता बघता वाळले. चार वाजता मोजलं. उघडा स्लॅब ५८, चुन्याचा पट्टा ४३. मालकांनी बंदूक माझ्या हातातून घेतली आणि या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर चार-पाच वेळा फिरवली. खालच्या छताला फरक त्याच दिवशी दिसत नाही, हेही मी सांगितलं. पावसाने चुना धुपतो, म्हणून पुढे वॉटरप्रूफिंग करून पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी, घालायचा.

बाकीचं भराभर झालं. वाफेच्या इस्त्रीचं टेबल हॉलच्या मधून काढून जिन्याकडच्या पडवीत. थर्माकोल लावून बुजवलेले वरचे झरोके मोकळे, एकात एक्झॉस्ट. पश्चिमेच्या काचांवर आतून टांगलेल्या चादरी काढून बाहेरून शेडनेट, कारण ऊन काचेतून आत आलं की पडदा ते फारसं परत पाठवू शकत नाही. पंखे टप्प्याटप्प्याने बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, पंचाहत्तर-ऐंशी वॅटच्या जागी तीस-पस्तीस. छताच्या पंख्यांवर २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं झालं आहे, ते बघूनच घ्या म्हटलं. मोठ्या व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असेल तिथे लागू होते. पूर्व भागातला एखादाच शिलाई कारखाना तेवढा मोठा असेल. म्हणजे इथल्या बायकांच्या डोक्यावरचा स्लॅब या संहितेत बसत नाही, तो आपणच बघायचा.

गच्ची त्याच आठवड्यात पांढरी झाली. महिनाअखेरीस संध्याकाळी पाचला छत मोजलं तर ३९ होतं. हॉल थंडगार झाला असं मी म्हणणार नाही, बाहेर ४२ असताना तो होणारही नाही. आपल्याकडच्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, म्हणून दोन मोठे कूलर लावले, त्यांना पाणी कारखान्याच्या बोअरचं. चक्कर आलेली ती बाई पुन्हा कामावर आली आहे. खिडकीकडच्या रांगेत बसते. नऊपैकी एकही एसी घेतला नाही.

एका गोष्टीवरून आमची चांगलीच जुंपली. सर्व्हो मोटारी आल्यावर जुन्या क्लच मोटारींना शेजारच्या गल्लीतून गिऱ्हाईक आलं. मालकांचं म्हणणं, चालू माल आहे, चार पैसे सुटतील. मी म्हटलं, मग या गल्लीतली साडेसहा किलोवॅट त्या गल्लीत जाईल आणि तिथल्या बायकांच्या गुडघ्यांशी तापेल. बराच वेळ वाद झाला. शेवटी अक्कांनी भंगारवाल्याला बोलावून तांब्याच्या वाइंडिंगचा भाव ठरवला, आणि मोटारी हॉलमधून खाली उतरवेपर्यंत त्या स्वतः जिन्यात उभ्या राहिल्या.