चालतं का?

जुन्या घड्याळांच्या चक्रांचे मी दागिने करते, ते चालतात का असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हे उत्तर तोंडी देऊन देऊन आता त्यातला जीव गेलाय.

पितळी चक्रांचं पदक कुणीतरी उचलतं, कानाला लावतं आणि विचारतं, "चालतं का हे?" नाही म्हटलं की, "म्हणजे नुसतं चिकटवलंय?" आणि चालतं म्हटलं की, "अरेरे, चांगलं घड्याळ मोडलंत?" दोन्हीकडून मारच. गंमत अशी की हे दोन्ही प्रश्न एकच माणूस पाच मिनिटांच्या अंतराने विचारतो, आणि आपण एकमेकांविरुद्ध मागण्या करतोय हे त्याच्या लक्षात येत नाही. ते कसं, हे पुढे येईल.

आधी "चालतं" या शब्दाचं पाहू. दोन मोठी चक्रं दातात दात घालून शेजारी बसवलेली दिसली की लोक खूश होतात. खऱ्या घड्याळात चावी भरायच्या बाजूची जोडी सोडली, तर वेळ चालवणारी मोठी चक्रं एकमेकांना भिडतच नाहीत. चक्र भिडतं ते पुढच्या आसावरच्या पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला. समजा मधलं चक्र 64 दात्यांचं, ते 8 पात्यांच्या पिनियनला फिरवतं. त्याच आसावर 60 दात्यांचं तिसरं चक्र, ते पुन्हा 8 पात्यांच्या पिनियनला. आठ गुणिले साडेसात, साठ. म्हणून मधलं तासाला एकदा फिरतं तेव्हा सेकंदाचं मिनिटाला एकदा फिरतं. ही साखळी कमानीशिवायही, म्हणजे चावीने आवळली जाणारी स्प्रिंग नसतानाही, बोटाने फिरवता येते, पण फिरवावी मोठ्या टोकाकडून. मधलं चक्र पाव फेरा ढकललं की शेवटचं पंधरा वेळा भिरभिरतं. बघणाऱ्याच्या तोंडून हमखास "आहा!" निघतो. सेकंदाच्या टोकाकडून ढकलायला गेलात तर मधलं चक्र हललेलं दिसतच नाही, साठ फेऱ्यांना त्याचा एक; म्हणून आणखी जोर लावलात तर आसाचं सुईएवढं टोक मोडतं.

आता सरळ कबुली. वेगवेगळ्या घड्याळांची चक्रं एकमेकांत बसत नाहीत. दात्यांचं माप वेगळं, आकार वेगळा. त्यामुळे भंगाराच्या डब्यातली सुटी चक्रं घेऊन "चालणारं" काही होत नाही. चालणारी साखळी हवी तर ती एकाच मशीनमधली, पूर्ण, दाते शाबूत, आस सरळ अशी लागते. म्हणजे घड्याळजीलाही जे मशीन हवं असतं, नेमकं तेच.

आणि "मेलेलीच मशीनं घेते" हे माझं जुनं उत्तर इथेच लंगडं पडतं. कितीतरी वर्षं ते फार ताठ मानेने दिलं. एचएमटीचा बंगळुरूचा घड्याळ कारखाना 1961 साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झाला, आणि 2016 मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. नवे सुटे भाग येणं जवळपास संपलं. त्यांचं सतरा खड्यांचं चावीचं "जनता" घड्याळ मेलं म्हणजे बहुतेकदा काय झालेलं असतं? हातातून पडून बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डुलणाऱ्या चाकाच्या, आसाचं टोक मोडलेलं असतं. बाकी मशीन ठणठणीत. त्यातलं तिसरं चक्र दुसऱ्या एखाद्या जनताला उभं करू शकतं. मग मी घेतलं ते मेलेलं होतं की अवयवदाता? तेव्हाच्या मला हे कुणी विचारलं असतं तर भांडले असते. आता भांडत नाही, पण घेणंही थांबवलेलं नाही. फक्त पहिला हात घड्याळजीचा, असा नियम केलाय: बॅलन्स, कमान, चावीची दांडी, त्याला हवी ती चक्रं त्याने काढून घ्यायची. उरलेला सांगाडा आणि गंजलेलं काय असेल ते माझं. म्हणजे अर्थातच माझ्याकडे येतं ते न चालणारं. तेच चिकटवलं की तुम्ही नाक मुरडता.

गजराच्या जुन्या घड्याळांना हा पेच कमी, कारण ती दुरुस्त करून घेणारं गिऱ्हाईकच जवळपास उरलेलं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी ती अजून दिसतात. खिशात लोहचुंबक ठेवायचा. बरीच "पितळी" घड्याळं म्हणजे पितळेचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. चुंबक चिकटला नाही तरी आतल्या बाजूला कानस एकदा ओढून बघायची, कारण जस्ताच्या ओतीवकामालाही चुंबक लागत नाही. खाली पांढरट निघालं तर खाली ठेवायचं. डायलवर जुना चकाकणारा रंग असेल तर घेऊच नका. अंधारात तो चमकत नाही म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं. चमकणारी पूड थकलेली असते; रेडियम असेल तर त्याचं निम्मं व्हायलाच सुमारे 1600 वर्षं लागतात. खरवडलं की ती धूळ छातीत जाते.

उघडण्याआधी कमान सैल करायची. गजराच्या घड्याळात कमानी बहुधा दोन असतात, वेळेची आणि गजराची, आणि दुसरी विसरणारेच बोटं कापून घेतात. चावी मुठीत घट्ट धरायची, खटका चिमट्याने उचलायचा, चावी अर्धा फेरा मुठीत सरकू द्यायची, खटका परत टेकवायचा. असं दहा-बारा वेळा. मग कमानीला बारीक तारेचा विळखा घालून तेव्हाच वरची पाटी काढायची.

धुवायला लिंबूफूल, लिटरभर कोमट पाण्याला 50 ग्रॅम, आणि दहा-पंधरा मिनिटांच्या वर नाही. रात्रभर ठेवलं तर जस्त निघून जातं आणि पितळेवर गुलाबी चट्टे येतात. लोखंडी आस, स्क्रू काहीही त्यात राहू द्यायचं नाही, नाहीतर विरघळलेलं तांबं सगळ्यांवर चढतं. जोडायला रिव्हेट सगळ्यात भरवशाचं. चक्र फिरतं हवं असेल तर चक्र आणि पत्रा यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्डाची पट्टी घालून तार ठोकायची आणि शेवटी पट्टी ओढून काढायची. राहते तेवढी फट पुरते. अराल्डाइट लावायचं तर दोन्ही पृष्ठभाग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून, आणि पूर्ण दिवस हात न लावता. फेविक्विकवर लटकणारा दागिना लग्नाच्या हॉलमध्येच सुटतो.

हे सगळं येत होतं. तरी माझं एक कडं चिरलं.

जुन्या पितळी परातीच्या तळाचा पत्रा, जाडी एक मिलिमीटर. त्यातून 16 सेंटिमीटर लांब आणि 5 रुंद पट्टी. घट्ट पत्रा होता, आणि तो तसाच हवा होता, कारण तापवून मऊ केलेलं कडं पहिल्या आठवड्यात आकार सोडतं. पाइपावर लाकडी हातोडीने थंडच वळवलं, मनगटासाठी लांबट, दोन्ही बाजूंना जरा तीव्र वळण. त्या वळणांवरच, काठापासून चार मिलिमीटरवर, रिव्हेटची भोकं. वर तीन खांबांवर छोटी सपाट पाटी, आणि तिच्यात एका गजराच्या घड्याळाची पूर्ण साखळी. पाव फेऱ्याला पंधरा. चालत होतं! रंग मात्र फार नवा दिसत होता. मग हवाबंद डबा, तळाला वाटीत अमोनिया, वर जाळी, जाळीवर मिठाचं पाणी शिंपडलेलं नुसतं कडं, रात्रभर. सकाळी समुद्रातून काढल्यासारखं निळं-हिरवं. धुतलं, मेण लावलं, आतून कातडं चिकटवलं, साखळी बसवली.

तीन आठवड्यांनी ते दोन तुकड्यांत परत आलं. घालताना उघडलं आणि एका वळणावर तडकलं, मनगटावर ओरखडा. माझं पहिलं वाक्य, जे आज आठवलं तरी कान गरम होतात: "जास्त फाकवलं असणार तुम्ही."

मग तुटलेली कड भिंगाखाली धरली. पितळ जोराने तुटलं तर तुटलेली जागा सगळीच पिवळीधमक असते. इथे फक्त बाहेरच्या अंगाला एक झळझळीत रेघ होती. आतला दोन-तृतीयांश भाग काळपट हिरवा. म्हणजे भेग जुनी होती, आतून सुरू झालेली, रिव्हेटच्या भोकापासून काठापर्यंत आणि तिथून आडवी, आणि कातड्याच्या अस्तराने ती झाकली होती. घालणाऱ्याने फक्त शेवटचा एक-तृतीयांश तोडला. दुसरं वळण सोडवून पाहिलं, तिथेही केसासारखी रेघ.

कारण शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे, आणि तेही आपल्याच मातीतलं. ब्रिटिश फौज पावसाळ्यात हिंदुस्थानातल्या छावण्यांत काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांत ठेवायची. पाऊस संपला की पितळी काडतुसांना चिरा पडलेल्या. ऋतूचा परिणाम समजून त्याला "सीझन क्रॅकिंग" म्हणू लागले. 1921 साली उलगडा छापून आला: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि थंड ओढून घडवलेल्या काडतुसाच्या अंगात दडलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सांध्यावर चिरतं. थंड वळवलेल्या पट्टीत हातोडी थांबल्यावर ताण उरतो तो आतल्या अंगाला, आणि कडं उघडताना ताण पडतो तोही आतल्याच अंगाला. तबेला मीच डब्यात बनवला होता.

डाख लावून जमत नाही. भेगेला फांद्या असतात, एक बुजवली की शेजारची चालू लागते. आता वळवून, भोकं पाडून, ठोकाठोक संपल्यावर ओटीजी ओव्हनमध्ये 250 अंशांवर तासभर. घट्टपणा राहतो, ताण बराचसा निघतो. हे शेवटी करायचं. नंतर एक जरी "जरा सारखं करू" म्हणून ठोका मारला तर पहिल्यापासून. आणि अमोनिया घरातच नाही. हिरवा रंग मीठ-व्हिनेगरने येतो, उशिरा आणि डागाडागांचा, पण येतो. घेणाऱ्यांना सांगते की काच पुसायचं निळं पाणी किंवा नाकात झोंबणारं पॉलिश याला लावू नका. ते ऐकतात आणि विचारतात, "पण चालतं का?"

खरं तर अंगावर चालणं हे वेळ दाखवण्यापेक्षा कठीण काम आहे, असं मला वाटतं. निदान आठवड्यातले चार दिवस. घड्याळाचं मशीन बंद डब्यात, कोरडं, तेल पिऊन बसलेलं असतं. कड्यावरच्या उघड्या साखळीत ओढणीचा धागा जातो, घामाचं मीठ जातं. झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं, कोल्हापुरी चपलेसारखं, थेट पितळेला लागलं तर त्यातल्या तेलाने हिरवा मेणचट थर धरतो; मध्ये लाखेचा हात हवाच. जुन्या घड्याळाच्या पांढऱ्या मुलाम्याखाली निकेल असलं की काहींच्या मनगटाला खाज. सहज कातलं जावं म्हणून घड्याळाच्या पितळेत बहुधा थोडं शिसं असतं, त्यामुळे लहान मुलांसाठी काही करत नाही. एवढं सगळं सांभाळून जे वर्षभर अंगावर टिकतं, ते चाललं नाही का?

उरलेले तीन दिवस मला ही पळवाट वाटते. न फिरणाऱ्या चक्राला चक्र म्हणायचं कशाला, तो दाते असलेला गोल पत्रा. हे माझंच दहा वर्षांपूर्वीचं वाक्य आहे आणि अजून त्याला उत्तर सापडलेलं नाही.

कड्याचे दोन तुकडे खणात आहेत. एकावर साखळी अजून बसवलेली आहे. पाव फेरा ढकललं तर शेवटचं चक्र आजही पंधरा वेळा फिरतं. नव्या पट्टीवर चढवायची, की ज्या घड्याळजीकडे तसलंच एक घड्याळ एका चक्रासाठी अडून पडलंय त्याला द्यायची, हे ठरवायचं आहे. त्याचा निरोप दोनदा येऊन गेलाय.