तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे बायकांची पंगत आधी का बसते?

गौरी-गणपतीत घरी आलेल्या बायका मला हमखास एक प्रश्न विचारतात. बहुतेक वेळा माजघरात, हळू आवाजात. "वहिनी, तुम्ही पुरुषांच्या आधी जेवायला बसता, घरात कोणी काही बोलत नाही?" त्या वेळी चुलीवर काहीतरी असतं, म्हणून उत्तर अर्धवट राहतं. आज सवडीनं सांगते.

आमचं घर गुहागर तालुक्यातलं. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी येतात आणि ओटीपासून पडवीपर्यंत घर भरून जातं. पहाटे उठून नारळ खोवायचे, सारण शिजवायचं, उकड काढून गरम असतानाच मळायची, मग पाऱ्या, कळ्या, आणि घाणे एकामागून एक वाफेवर. मोदक गरम असतानाच खायचा असतो. फोडला, वर साजूक तूप ओतलं, ते आत मुरलं की तो मोदक. निवला की पारी चिवट होते आणि तूप वरच थिजतं. आणि घरोघरी तो निवलेला मोदक कुणाच्या पानात पडतो? ज्यांनी वळला त्यांच्या. आधी पुरुष, मग मुलं, मग उरलेले पाहुणे, मग आम्ही. तोवर भाजी तळाला गेलेली, वरणात पाणी वाढवलेलं.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "करणाऱ्याचं वासानंच पोट भरतं." मला ते कधी पटलं नाही. पहाटेपासून उभ्या असलेल्या बाईला दुपारी भूक लागते, आणि सपाटून लागते.

ही रीत काही एकट्या कोकणातली नाही. पण आमच्याकडे तिला एक प्रेमाचं कारणही होतं, असं मला वाटतं. आमच्या गावांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत. घर चालायचं मनीऑर्डरीवर, आणि शेत, गुरं, म्हातारी माणसं सगळं बायकांच्या अंगावर. नवरा यायचा तो गणपतीला, शिमग्याला, फार तर मे महिन्यात. बोटीनं, पुढे एसटीनं, अंग आंबवून. वर्षभर खानावळीचं खाल्लेल्या माणसाला पहिलं गरम पान वाढावंसं वाटणारच. त्यात काय चुकलं?

पण १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तो लांबतच गेला, आणि हजारो माणसं कायमची गावाकडे आली. आमचे सासरे, आबा, त्यांतलेच. आता ते पाहुणे नव्हते. रोज घरातच होते, तरी पान मात्र पाहुण्याचंच राहिलं. परळच्या खोलीत आबा पाळीनं डाळभात रांधत, भाकरीही थापत. गावी आल्यावर त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागे. येत नव्हतं असं नाही, कुणी करू देत नव्हतं.

हे नुसतं मानपानाचं असतं तर मी गप्प बसले असते. आमच्या वाडीत आशाताई रक्त तपासायला येतात तेव्हा बाईमागून बाईचं रक्त कमी निघतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत रक्तक्षयाचं प्रमाण ५७ टक्के होतं, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. त्याची कारणं अनेक आहेत. पण जी रोज उरलेलं खाते, तिच्या पानात पालेभाजी, डाळ, माशाची तुकडी शेवटी किती येते, हे ज्यानं त्यानं आपल्या स्वयंपाकघरात बघावं. लावणीच्या दिवसांत तर चिखलात दिवसभर वाकलेली असते तीच, आणि रात्री कालवणाचं नुसतं पाणी भातावर घेते तीही तीच.

म्हणून एका श्रावणात मी नवऱ्याशी आणि दिरांशी सरळ बोलले. यंदा मोदक करणाऱ्या पहिल्या पंगतीला बसतील, तुम्ही वाढायचं. नवरा लगेच हो म्हणाला. चुलतसासरे अडले. देवाचा दिवस आहे, रीत मोडू नये म्हणाले. त्यांची समजूत काढली ती पूजा सांगायला येणाऱ्या गुरुजींनी. याज्ञवल्क्यस्मृतीत मुलं, माहेरवाशिणी, म्हातारी माणसं, गरोदर बायका, आजारी, पाहुणे आणि नोकरचाकर यांना आधी जेवू घालायला सांगितलंय, आणि शेवटी उरलेलं नवरा-बायको दोघांनी खायचं. दोघांनी. एकट्या बायकोनं नव्हे. देवाला नैवेद्य दाखवून झाला की पुढे कुणी आधी बसावं यानं बाप्पा रागावत नाही, असंही गुरुजी म्हणाले.

वाढणं पुरुषांना वाटलं तितकं सोपं गेलं नाही. आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मग भात, वरण, तूप, हा क्रम दिरांना ठाऊकच नव्हता. आयुष्यभर जेवले होते, वाढलं कधी नव्हतं. आबा मात्र उठले आणि मुंबईच्या सवयीनं भात असा वाढला की एक शीत बाहेर सांडलं नाही.

सगळ्यात जड गेलं सासूबाईंना. बसल्या, पण दर दोन घासांनी उठायच्या, वरण गरम आहे का, पापड कोण तळतंय. शेवटी आम्ही नियमच केला, बसलेल्या बाईनं पान संपेपर्यंत उठायचं नाही. पुढल्या वर्षीपासून त्या निवांत जेवू लागल्या. दुसरा मोदक मागूनही घ्यायला लागल्या.

तर, कोणी काही बोलत नाही का? बोलतात. "जावयानं वाढलेलं कसं जेवता?" असं एका नात्यातल्या बाईंनी माझ्या तोंडावर विचारलं होतं. भूक लागते म्हणून जेवतो, असं मी सांगितलं. मुंबईच्या माझ्या दोन पुतण्यांना आता आमच्याकडे असंच असतं एवढंच माहीत आहे. ते तुपाची वाटी घेऊन आपण होऊन उभे राहतात.

तुमच्या घरी करायचं असेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या बाईशी बोला, पुरुषांशी नंतर. ती बसली की सगळ्या बसतात. आणि एका सणापुरतं ठेवू नका, लावणीच्या दिवसांत सुरू करा, गरज तेव्हा जास्त असते. भांड्यांचं आमच्याकडे अजून जमलेलं नाही. जेवून उठल्यावर मोरीवर आम्हीच असतो. यंदा त्याबद्दल दिरांशी बोलणार आहे.