साहित्यात चार

शाळेत मी विद्यापीठ प्रवेशांचं काम बघते. सप्टेंबर संपत आला की माझ्या खोलीत बसायला खुर्ची उरत नाही, कारण ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या अर्जांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. त्या गर्दीतल्या एका दुपारी एक मुलगी वडिलांबरोबर आली. आयबी डिप्लोमाचं, म्हणजे अकरावी-बारावीच्या जागी असलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष, भौतिकशास्त्र शिकायचं ठरलेलं. अंतिम परीक्षेसाठी शिक्षकांचा अंदाज असा: हायर लेव्हलचे, म्हणजे वरच्या पातळीवर घेतलेले तीनही विषय, गणित, भौतिक आणि रसायन, सातपैकी सात. अर्थशास्त्र सात, दुसरी भाषा सहा. आणि साहित्यात चार.

वडिलांनी आकडेमोड घरीच करून आणली होती. सहा विषयांचे ३८, आयबीतला सक्तीचा दीर्घ निबंध आणि ज्ञानमीमांसा यांचे मिळून जास्तीत जास्त तीन गुण असतात त्यातले दोन, एकूण ४५ पैकी ४०. केंब्रिजमध्ये विज्ञानशाखेसाठी साधारण ४१-४२ मागतात. "मॅडम, साहित्याचं तेवढं पाच करून द्या. एका गुणाचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले. आवाजात अजिजी नव्हती, हिशेबातली चूक दाखवावी तसा सूर होता.

अर्जात लिहायचे हे अंदाजी गुण, प्रेडिक्टेड ग्रेड, विषयशिक्षक देतात, मी नाही. पण तो नियम सांगून त्यांना वाटेला लावण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी तोच हिशेब पुढे नेला. समजा पाच लिहिले आणि केंब्रिजने जागा देऊ केली. ती मिळणार अटीवर: जुलैच्या निकालात एकूण ४१ किंवा ४२, वर हायर लेव्हलला ७, ७, ६. जुलैत साहित्यात चारच आले तर? वाढवलेला गुण अर्जात चालतो, निकालात कुठून आणायचा? जागा तर जातेच, आणि तीही अशा वेळी की हातात दुसरं काही उरलेलं नसतं. ऑक्सफर्डचा भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम मात्र ३९ मागत होता, हायर लेव्हलला ७, ६, ६. तिच्या खऱ्या चाळीसमध्ये ते बसत होतं आणि वर एक गुण शिल्लक राहत होता. दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही, तेव्हा निवड इथेच करायची होती.

इथे एक गैरसमज नेहमी आडवा येतो. ब्रिटनमध्ये फक्त आपल्या विषयाचे गुण बघतात, असं सगळेच ऐकून येतात. ए-लेव्हलवाल्यांच्या, म्हणजे ब्रिटिश पद्धतीची बारावी करणाऱ्यांच्या, बाबतीत ते बरंचसं खरं आहे. ती मुलं सोळाव्या वर्षी नको तो विषय सोडून देतात आणि तीन-चार विषयांवर अर्ज करतात. आयबीत साहित्य सोडताच येत नाही. शिवाय अट एकूण गुणांवर असते, त्यामुळे साहित्यातले चार भौतिकशास्त्राच्या दारातही आडवे येतात.

वडील गप्प झाले. मग म्हणाले, "मग निदान कारण तरी लिहू. गेल्या वर्षी तिची तब्येत बरी नव्हती असं."

"नव्हती का?"

"होती," मुलगी म्हणाली. इतका वेळ ती एकच शब्द बोलली, तो हा.

शाळेच्या शिफारशीत अशा अडचणींसाठी वेगळी जागा असते. आजारपण, घरातला मृत्यू, शिक्षकाविना गेलेलं अर्धं सत्र, असलं काही खरोखर असेल तर तिथे दोन ओळीत लिहायचं, आणि ते शाळेने लिहायचं. हिच्या बाबतीत लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. तिला साहित्य जमत नव्हतं, बस्स. ती जागा मी कोरी ठेवली, आणि कोऱ्या जागेचं कुणाला वाईट वाटत नाही हे पटवायला मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मग तिचं पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जात विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहायचं टिपण, काढलं. आता ते तीन प्रश्नांत विभागलं आहे, तेव्हा ४,००० अक्षरांचा सलग मजकूर असे. तिने त्यातला जवळजवळ अर्धा भाग साहित्यावर खर्च केला होता. आपण किती कष्ट घेतले, वाचनाची गोडी कशी लागते आहे वगैरे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हे वाचणार होते! लंबकाच्या प्रयोगावर मात्र दोनच वाक्यं होती. मोठ्या कोनातून सोडल्यावर आवर्तकाल सूत्राप्रमाणे का येत नाही, हे तिने स्वतः मोजून शोधलं होतं. मी साहित्याचे परिच्छेद पेन्सिलीने खोडले आणि लंबकापुढे लिहिलं, "इथे सगळं सांग."

अमेरिकेचा मामला निराळा. तिच्या यादीत एमआयटी होती. तिथे शाळेच्या शेवटच्या चारही वर्षांचे सगळे विषय बघतात आणि शिक्षकांची दोन शिफारसपत्रं मागतात: एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं, दुसरं मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं किंवा भाषेच्या शिक्षकाचं. दुसऱ्यासाठी तिने अर्थशास्त्राच्या बाईंचं नाव घातलं होतं. सात गुण, गोड बाई. मलाही त्यात वावगं दिसलं नाही.

वडील गाडी काढायला खाली गेले आणि तेवढ्यात साहित्याचे सर दुसऱ्याच कामासाठी खोलीत आले. ती उठून निघूनच जाणार होती. सर म्हणाले, "थांब," आणि पिशवीतून तिचे पेपर काढून माझ्यासमोर ठेवले. एका कवितेवरचं उत्तर होतं. समासात ओळींचे क्रमांक, प्रत्येक विधानापुढे कुठल्या ओळीवरून ते काढलं त्याची नोंद. दीड पानावर उत्तर थांबलं होतं. शेवटचा परिच्छेद नाहीच.

"शेवट का नाही, विचारलं मी," सर म्हणाले. "तर म्हणते, पुढचं म्हणायला कवितेत आधार नाही. गुण गेले तिचे. पण वर्गातली बाकीची मुलं आधार नसताना पानंच्या पानं लिहितात, आणि त्यांना मी पाच देतो, सहा देतो." मग माझ्याकडे बघून, "चाराचे पाच करणार नाही हो मी. पत्र मागितलं तर लिहीन."

ती खाली बघत होती. मी विचारलं, "मागतेस का?" तिने होकारार्थी मान हलवली, आणि लगेच, "पण त्यात चार आहेत हे लिहितील?"

"लिहीन की," सर म्हणाले.

चार गुण गुणपत्रिकेत दिसणारच होते. ते का पडतात हे वर्गात समोर बसवून बघितलेला माणूस सांगणार असेल तर तो सोडून गोड पत्राच्या मागे जाणं मला पटेना. बाईंचं नाव आम्ही तिथल्या तिथे बदललं. वडिलांना ते गाडीत कळलं असावं, कारण संध्याकाळी त्यांचा लांबलचक मेल आला. त्याला मी दोन ओळींचं उत्तर दिलं.

सरांनी पाठवलेलं पत्र मला दिसलं ते आमच्या संगणकावर, जेमतेम एक पान. त्यात दीड पानावर थांबलेलं ते उत्तर होतं, आणि तिने नंतर स्वतःहून पुन्हा लिहून आणलेलं दुसरंही. त्यातही पाच मिळण्यासारखं काही नव्हतं, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं.

एमआयटीने डिसेंबरात निर्णय पुढे ढकलला आणि १४ मार्चला नकार कळवला. पत्राचा त्यात काय वाटा होता हे कळायला मार्ग नाही. ऑक्सफर्डच्या मुलाखतीत साहित्याबद्दल अवाक्षर निघालं नाही, लंबकावरून मात्र त्यांनी तिला बरंच पुढे नेलं, असं ती सांगत होती. जानेवारीत जागा देऊ केली, ३९ च्या अटीवर. जुलैत रसायन सहावर घसरलं, दुसरी भाषा सातवर चढली, साहित्य चारवरच राहिलं. एकूण ४०.