लेकराच्या डोळ्यासाठी मदत करताय? आधी गाडीभाडं बघा

रेटिनोब्लास्टोमा म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो, आणि बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली असतात. सोलापुरात अशा लेकरासाठी पैसे गोळा करायला बसलं की पहिला प्रश्न येतो, ‘केमोला किती लागतात?’ गरीब घरातल्या मुलाच्या केमोची आणि ऑपरेशनची वाट पुष्कळदा महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून किंवा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून निघते. उपचार तुटतो तो दुसरीकडेच. तिकिटाला पैसे नसतात, रोज बुडतो, मधल्या दिवसांत ताप येतो, डोळा काढायला घरचे तयार होत नाहीत. देणगी तिथे पोचली पाहिजे.

सुरुवात डोळ्याच्या बाहुलीतल्या पांढऱ्या चमकीने होते. फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा दिसतो, अंधारात मांजराचा चमकावा तसा. कधी नुसता तिरळेपणा असतो. ‘फूल पडलंय’ म्हणून मध किंवा एरंडेल घालण्यात महिने जातात. पांढरं दिसायला मोतीबिंदूसारखी इतर कारणंही असतात, पण ते बाहेरून ओळखता येत नाही. त्याच आठवड्यात सिव्हिलच्या नेत्रविभागात बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकालाही दाखवता येतं. संशय असलेल्या डोळ्यात तपासणीचा तुकडा काढायला सुई घालू देऊ नका. त्या छिद्रातून कॅन्सर डोळ्याबाहेर पडू शकतो, आणि निदान तपासणी व स्कॅनवर होतं.

पुढे मुंबई की हैदराबाद? आपलं गाव बरोबर त्या रेल्वेमार्गावर आहे. परळच्या टाटा रुग्णालयासाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थान अंतराने जवळ, आणि न परवडणाऱ्यांवर मोफत उपचार करण्याची तिथे जुनी रीत आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांमध्ये तेलुगू बोलतात. डॉक्टर काय म्हणाले ते आईला थेट कळणं ही लहान गोष्ट नाही, म्हणून त्या घरांना आम्ही हैदराबादचा विचार आधी करायला सांगतो. मात्र महाराष्ट्राची योजना तिथे लागेल असं धरून निघू नका. आधी फोन करून विचारा. योजनेची चौकशी १५५३८८ या क्रमांकावर होते.

कागदांत हमखास अडतं ते शिधापत्रिकेवर. दीड वर्षाच्या मुलाचं नाव तिच्यावर चढवलेलंच नसतं. जन्मदाखला आणि आईवडिलांसोबतचा मुलाचा फोटो घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, भेटा. आधार आणि शिधापत्रिका यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते निघण्याआधी बघा. योजनेची मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. घाईत पैसे भरून टाकले तर ते परत मिळवणं फार कठीण. मुख्यमंत्री सहायता निधीचे पैसेही थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. त्यासाठी खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. आई विड्या वळत असेल तर तिचं विडी कामगार ओळखपत्र बरोबर असू द्या. कामगार कल्याणच्या दवाखान्यात त्यावर कॅन्सरसाठी मदत मिळते का, हे जरूर विचारा.

आता गाडीभाडं. केमोचे साधारण सहा डोस असतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. प्रत्येक वेळी दोन माणसं, दोन-तीन दिवस. विडीची मजुरी हजारावर आणि यंत्रमागाची कापडावर, म्हणजे तेवढे दिवस घरात काही येत नाही. मागे राहिलेल्या भावंडांना कोण जेवू घालणार, हा प्रश्न वेगळाच. रेल्वेत रुग्णालयाच्या दाखल्यावर स्लीपर आणि थ्री टायर एसीत रुग्णाला पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. दाखला ठरलेल्या नमुन्यातच हवा. सुट्टी मिळतानाच तो मागून घ्यावा. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. सेंट ज्यूड या संस्थेच्या केंद्रात मुलांच्या कुटुंबाला फुकट राहता येतं, पण रुग्णालयाने पाठवलं तरच.

पडद्याची तपासणी भूल देऊन करतात. तिच्या सहा तास आधी दूध-बिस्कीट बंद, आईचं दूध चार तास आधी, पाणी दोन तास आधी. रात्रभर गाडीत रडणाऱ्या लेकराच्या हातात पहाटे कुणीतरी बिस्किटाचा पुडा देतं आणि तारीख रद्द होते. म्हणून आदल्या दिवशीच पोचावं. त्या एका रात्रीचे पैसे देणगीतून द्या.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा मूल सोलापुरात घरी असतं. १००.४ फॅरनहाइट ताप दिसला की तासाभरात रुग्णालय गाठायचं, मध्यरात्र असली तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नये. ताप दबतो आणि आत जंतुसंसर्ग वाढत राहतो. प्रत्येक कुटुंबाला एक डिजिटल थर्मामीटर, रिक्षासाठी बाजूला ठेवलेले दोन हजार रोख, आणि ‘मुलाला केमो सुरू आहे’ असं लिहिलेलं रुग्णालयाचं पत्र द्या. त्याहून मोलाची मदत आम्हाला ठाऊक नाही.

सगळ्यात जड विषय डोळा काढण्याचा. डॉक्टरांनी हा शब्द काढला की काही कुटुंबं परत येतच नाहीत. मुलगी असली तर ‘लग्न कसं होणार’ ही भीती. काही महिन्यांनी गाठ डोळ्याबाहेर आलेली असते. इथे पैशापेक्षा कृत्रिम डोळा बसवलेलं मोठं मूल आणि त्याची आई प्रत्यक्ष भेटवणं उपयोगी पडतं. ऑपरेशननंतर खोबणीत प्लास्टिकची पातळ वाटी ठेवतात. ती पडली आणि तशीच राहिली तर खोबणी आकसते. सहा-आठ आठवड्यांनी मापाचा कृत्रिम डोळा बसतो, आणि मूल वाढेल तसा तो बदलावा लागतो. या पुढच्या डोळ्यांसाठी पैसे शिल्लक ठेवा. काढलेल्या डोळ्याचा तपासणी अहवाल आणायलाही कुणीतरी आठवणीने जायला हवं, कारण पुढे केमो लागणार का ते त्यावर ठरतं.

उरलेल्या डोळ्याला पॉलिकार्बोनेटचा चष्मा, नंबर नसला तरी. आणि धाकट्या भावंडांचे डोळे तपासून घ्या. हा आजार काही घरांत वारशाने येतो. पुढचं बाळ झालं तर त्याचा पडदा पहिल्या आठवड्यातच दाखवावा.